चार इंच हवा

गोष्ट पाचपासून सुरू होते. छपाईची चूक नाही. एक ते चार माझ्या खिशात आहेत, शेवटी काढून दाखवतो. तोवर इथूनच धरा.

५

माझी बायको आणि ताई शाळेत एका बाकावर बसायच्या. माझ्या नोकरीची पात्रता एवढीच. बाकी जे काही मी पहिल्या भेटीत सांगितलं, म्हणजे ऑफिसचा अनुभव, नियोजन, माणसं सांभाळायची हातोटी, ते ताईंनी कानाला फोन लावून ऐकलं. मग फोनवरच्या माणसाला म्हणाल्या, "नाही हो, तुम्हाला नाही. इथे एक जण बोलतोय."

तो एक जण मी.

दुकान पडद्यांचं. पुढे काच, काचेत नमुन्याचे पडदे. आत कापणीचं लांब टेबल, त्याच्या कडेला इंचांच्या खुणा कोरलेल्या. चहूकडे कापडाचे तागे, उभे, आडवे, एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून झोपलेले. गिऱ्हाईक आलं की ताई त्यातला नेमका सगळ्यात खालचा तागा ओढून काढतात आणि वरचे सगळे माझ्या अंगावर येतात.

मालक ताई. माप घेणार ताई, टांगणार ताई, फोन घेणार ताई, उशीर का झाला ते सांगणारही ताईच. शिवायला मास्तर आहेत. मास्तरांचं बोलणं त्यांच्या टाक्यांसारखं, बारीक आणि सुईच्या टोकाने घातलेलं.

ताईंना सगळे ताई म्हणतात म्हणून मीही म्हणतो, वयाने मोठा असूनही. त्या मला भाऊजी म्हणतात, मैत्रिणीचा नवरा म्हणून. ही माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी सोय. भाऊजी म्हटल्यावर माणसाला धड झापता येत नाही. "भाऊजी, तुम्हाला डोकं आहे का" हे वाक्य कितीही रागाने म्हटलं तरी तब्येतीची चौकशी केल्यासारखं वाटतं.

मास्तर मला साहेब म्हणतात. त्यात काही सोय नाही.

बोलणं असं झालं होतं की क्लिनिकचं काम संपेपर्यंत बघायचं. एक डॉक्टरीणबाई नवं क्लिनिक उघडत होत्या. खालच्या मजल्याचे सगळे पडदे ताईंकडे. ते मनासारखे झाले तर वरचा मजलाही. दुकानाकडे एवढं मोठं काम याआधी आलेलं नव्हतं. "तेवढं होऊ दे," ताई म्हणाल्या, "जमलं तर राहा. नाही जमलं तर रागावू नका, भाऊजी."

नाही जमलं तर माझ्या मेव्हण्याचं गोदाम होतं. गोदामात एक खुर्ची होती. त्या खुर्चीवर बसून मी नेमकं काय करायचं हे मेव्हण्यालाही माहीत नव्हतं, पण त्याने ती पुसून ठेवली होती. माझी आधीची एक कंपनी आपोआप बंद पडली. दुसरी मी बंद पाडली असं मेव्हण्याचं मत आहे. ते तो जेवताना सांगतो, सगळ्यांना वाढून झाल्यावर.

मला ती खुर्ची नको होती. बस, एवढीच गोष्ट आहे. पुढचं सगळं त्या खुर्चीवर बसू नये म्हणून केलेलं आहे.

६

(हा भाग फक्त बोलणं आहे. घरी, स्वयंपाकघरात. मी डबा धुतोय, बायको कपड्यांच्या घड्या घालतेय.)

"काय केलंस आज?"

"मास्तरांच्या मशीनला तेल घातलं."

"त्यांनी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? कुरकुर करत होतं."

"मग?"

"मग काय. चालतंय आता छान."

"मग?"

"थोडं तेल अस्तरावर उतरलं."

"थोडं म्हणजे?"

"पांढरं होतं म्हणून जास्त वाटलं."

"हे बघ. तू उपयोगी पडू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे सांगितलेलं कर. धर म्हटलं की धर, सोड म्हटलं की सोड. मधे तुझं काही घालू नकोस."

"ते तर कोणीही करेल."

"मग तू कोण आहेस?"

(इथे उत्तर होतं. मला ते अजून सुचतंय.)

७

माप घ्यायची आमची पद्धत सांगतो, कारण सगळं तिथेच घडलं.

ताई स्टुलावर चढतात. टेपचं टोक अंगठ्याखाली पडद्याच्या दांड्याशी दाबतात आणि टेप खाली सोडतात. खाली मी, फरशीवर उकिडवा. फरशीला टेकतो तो आकडा मी वाचायचा. ताई वरून दुसराच आकडा सांगतात. मी वहीत लिहायचा तो ताईंचा.

"वाचा."

"अठ्ठ्याऐंशी."

"चौऱ्याऐंशी लिहा."

पुढची खिडकी.

"वाचा."

"बासष्ट."

"अठ्ठावन्न लिहा."

दर वेळी चार कमी. कोणीही शहाणा माणूस तिथेच मान वर करून विचारता झाला असता, ताई, चार का कमी? पण मी "मला लवकर समजतं" असं आधीच सांगून बसलो होतो. ज्याला लवकर समजतं त्याला विचारायची चोरी. म्हणून मी समजून घेतलं. म्हणजे बनवलं.

माझा सिद्धांत असा: पडदा जमिनीला टेकवायचा नसतो. खाली चार इंच सोडायचे, हवा खेळायला.

सिद्धांताला पुरावाही होता. काचेतले नमुन्याचे पडदे जमिनीपासून चांगले वर होते. ते उरल्यासुरल्या कापडाचे म्हणून आखूड होते, हे नंतर कळलं. गिऱ्हाइकांच्या घरी टांगलेले पडदे मी पाहिलेच नव्हते, कारण टांगायला ताई आणि मास्तर जायचे आणि मी दुकान सांभाळायचो. दुकान सांभाळणं म्हणजे फोन उचलून "ताई बाहेर गेल्यात" म्हणणं. ते मी फार मनापासून करायचो.

एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "पडदा खालपर्यंत येईल ना?"

"चार इंच सोडतो आम्ही," मी म्हणालो. "हवा खेळायला. नाहीतर कापड घुसमटतं."

गिऱ्हाइकाने मान डोलावली. घुसमटतं हा शब्द मला त्याच क्षणी सुचला होता आणि सुचल्यावर खरा वाटू लागला. मागे मास्तरांचं मशीन थांबलं. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, बराच वेळ. मग मशीन पुन्हा सुरू झालं. त्या पाहण्याला मी आदर समजलो.

८

आता टेप.

ताईंची टेप बघवत नव्हती. मूळची पिवळी, आता चहात बुडवून वाळवल्यासारखी. मधले आकडे पुसलेले. एक टोक तुटून त्याचे दोरे निघालेले. कधीतरी त्यावर तापलेली इस्त्री राहिली होती आणि जळलेला भाग गळून गेला होता. ती टेप गुंडाळून, रबर लावून, ताईंच्या पिशवीत किल्ल्या, पावत्या आणि डोकेदुखीच्या गोळ्यांबरोबर राहायची.

टोक तुटलेलं मी पाहिलं होतं. चार वजा होताना मी ऐकलं होतं. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या आणि एकमेकींना ओळखत नव्हत्या.

क्लिनिकच्या मापांच्या आदल्या संध्याकाळी मी नवी टेप विकत घेतली. तशीच पिवळी. टोकाला पितळी पट्टी. जुनीसारखी घट्ट गुंडाळली, जुनीचं रबर काढून नवीला लावलं, आणि पिशवीत ठेवून दिली. जुनी माझ्या खिशात. सांगितलं कोणालाच नाही. मनात एक दृश्य होतं: पडदे टांगून झालेत, डॉक्टरीणबाई खूश आहेत, ताई म्हणतायत की यंदा मापं कशी अगदी नेमकी आली. आणि मी खिशातून ती जुनी जळकी टेप काढून हळूच समोर धरतो. कोणी काही बोलत नाही. मास्तर चष्मा पुसतात.

बायकोला तेवढं सांगितलं.

"ताईला विचारलंस?"

"आश्चर्य कोणी विचारून देतं का?"

"ती तुला टेप धर म्हणाली होती, का टेप बदल म्हणाली होती?"

मी दिवा मालवला.

९

क्लिनिक. रिकाम्या खोल्या, रंगाचा वास, खिडक्या जमिनीपर्यंत. ताई स्टुलावर, मान वाकडी, कान आणि खांद्याच्या मधे फोन. फोनवर कापडाचा व्यापारी. त्याने फिका हिरवा सांगून भलताच हिरवा पाठवला होता.

"वाचा. नाही, तुम्हाला नाही म्हणत मी, तुम्ही बोला."

"चौऱ्याऐंशी."

"ऐंशी लिहा. हो, पण मी नमुना दिला होता ना तुम्हाला? हे काय टोचतंय अंगठ्याला... नमुना दिल्यावर हिरव्याचे दोन अर्थ कसे होतात?"

टोचतंय ते मला कळलं. पितळी पट्टी. मी खाली मान घालून हसलो. बिचाऱ्या ताई, म्हटलं. अजून पत्ताच नाही यांना.

खोलीमागून खोली अशीच गेली. मी वाचत होतो, त्या वजा करत होत्या, व्यापारी शपथा घेत होता. मी अक्षर फार सुंदर काढलं त्या दिवशी.

१०

टांगायच्या दिवशी मलाही नेलं, कारण शिडी धरायला माणूस हवा होता. उद्घाटन परवावर. पडदे इस्त्री करून, खांद्यावर टाकून, मी स्वतः गाडीतून उतरवले. फिका हिरवा, शेवटी बरोबर आलेला. ताई बाहेरच्या खोलीत फोनवर. पिशवी त्यांनी आमच्या खोलीत स्टुलावर ठेवलेली. मास्तर शिडीवर चढले, दांड्यात रिंगा ओवल्या, पडदा सोडला.

पडदा खाली आला आणि थांबला.

फरशीच्या वर थांबला. गुडघ्यापर्यंत विजार चढवून पाण्यात उतरायला निघालेल्या माणसासारखा.

मास्तर शिडीवरून वाकून पाहत राहिले. "चार इंच आखूड," म्हणाले.

"हवा खेळायला," मी म्हणालो.

"काय?"

"चार इंच सोडतो ना आपण. हवेसाठी."

मास्तरांनी माझ्याकडे तसंच पाहिलं, चष्म्यावरून. "ते खरं वाटतं तुम्हाला? मला वाटलं गिऱ्हाइकाला गुंडाळताय. म्हटलं, चला, धंदा शिकतोय माणूस."

"मग चार वजा कशाला करतात?"

"टेप तुटकी आहे साहेब. पहिले चार इंच नाहीतच तिला. पाचापासून सुरू होते. चार वजा करावेच लागतात." त्यांनी दुसरा पडदा खांद्यावर घेतला आणि पाठ फिरवली. "पण मग हे आखूड कसे झाले? मी तर वहीत होतं तेवढंच कापलं."

माझ्या डोक्यातल्या त्या दोन शेजारणींची अखेर ओळख झाली.

जुनी टेप माझ्या खिशात होती. त्या दृश्यासाठी आणलेली. पिशवी स्टुलावर होती. मास्तरांची पाठ माझ्याकडे. आणि मला, मनापासून सांगतो, पडदे दिसले नाहीत, ताई दिसल्या नाहीत, क्लिनिक दिसलं नाही. मला मेव्हण्याची खुर्ची दिसली. मी पिशवीत हात घातला, नवी टेप काढली, रबर काढून जुनीला लावलं, जुनी आत टाकली. माझ्या हातून एखादं काम इतक्या सफाईने याआधी झालेलं नव्हतं.

मग ताई आत आल्या, आणि

(हा भाग इथे आखूड पडला आहे. खाली पट्टी जोडली आहे.)

पट्टी

आणि त्यांनी पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला. स्टुलावरची पिशवी उचलली, टेप काढली, चढल्या.

"वाचा."

"अठ्ठ्याऐंशी."

"म्हणजे चौऱ्याऐंशी. वहीत?"

"ऐंशी."

"पुढची."

पुढची खिडकीही तशीच. त्याच्या पुढचीही. तिसऱ्या खोलीत त्यांनी माप घेणं सोडलं आणि स्टुलावरच बसल्या.

"मी दोनदा वजा केले," त्या म्हणाल्या.

"फोनवर होतात तुम्ही," मास्तर म्हणाले. "होतं असं."

"एका खिडकीला होतं. सगळ्या खिडक्यांना? एकदा मनात वजा केले आणि बोलताना परत केले, प्रत्येक वेळी, आणि मला काहीच वाटलं नाही?" त्यांनी टेप गुंडाळायला घेतली, सोडली, परत गुंडाळायला घेतली. "आईचं असंच सुरू झालं होतं. दुधाचा हिशेब दोनदा करायची. आम्ही हसायचो."

मास्तर शिडीवरून उतरले. पडद्याची कड हातात घेऊन उगाच बघत राहिले.

"वरच्या मजल्याचं नाही सांगून टाकते," ताई म्हणाल्या. "मापं घ्यायला कोणी दुसरं बघू. मी दुकानात बसेन."

"ताई, अहो," मास्तर म्हणाले.

मी कुठे होतो? तिथेच. दाराशी, एक हात खिशात. खिशात नवी टेप, मुठीत दाबून. पितळी पट्टी तळव्याला टोचत होती. गप्प राहिलो तर काय होईल हे मला स्पष्ट दिसत होतं: काहीच होणार नाही. चूक ताईंची, ती त्यांनी स्वतःच कबूल केलेली. मी राहीन. दुकानात बसणाऱ्या, स्वतःच्या डोक्याला घाबरणाऱ्या ताईंना तर माझ्यासारख्या उपयोगी माणसाची आणखीनच गरज लागेल. मापंसुद्धा कदाचित मीच घेईन.

हा शेवटचा विचार आला आणि मला स्वतःचीच भीती वाटली.

मी टेप काढून समोर धरली. दृश्य अगदी मनात ठरवलं होतं तसंच: कोणी काही बोलत नाही. फक्त टेप चुकीची होती.

"ही पिशवीत होती," मी म्हणालो. "मापं घेतली त्या दिवशी. मी ठेवली होती. नवी आहे. अख्खी आहे. तुम्ही एकदाच वजा केले, ताई. तुमचं बरोबर होतं."

ताईंनी टेप घेतली. टोक पाहिलं. एकचा आकडा अंगठ्याने पुसून पाहिला, जणू तो निघेल.

"मग ही जुनी पिशवीत कशी?"

"आत्ता ठेवली. तुम्ही बाहेर होतात तेव्हा."

मास्तरांनी चष्मा काढला आणि खरंच पुसला.

ताई आधी हसल्या. मला वाटलं रडतायत, पण हसत होत्या, कपाळाला हात लावून, बराच वेळ. "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे."

"हो," मी म्हणालो. "माझंच जरा..."

"तुमचं आम्हाला ठाऊकच होतं."

मग हसणं संपलं.

"टेप बदललीत ते मला समजतं, भाऊजी. ते तुमच्यासारखंच आहे. तेल घातलंत तसं. पण मी इथे बसून आईचं सांगत होते, आणि तुम्ही खिशात हात घालून ऐकत होतात."

पहिल्यांदा त्या भाऊजीची काही सोय झाली नाही.

"हो," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं असतं तर ते खोटं असतं.

"पडदे काढा," ताई म्हणाल्या. "सगळे. तुमचं काय ते नंतर बघू."

११

फिका हिरवा संपला होता. ताई दुकानातल्या ताग्यांच्या ढिगापाशी उभ्या राहिल्या आणि अर्थातच सगळ्यात खालचा ओढला: गडद हिरवा, कुठल्याशा सभागृहाच्या कामातून उरलेला. बाकीचे माझ्या अंगावर आले. मी ते उचलून ठेवले. रंगांप्रमाणे लावू का असं तोंडात आलं होतं. गिळलं.

"चार इंच आणि शिलाईचं धरून पट्ट्या," ताई मास्तरांना म्हणाल्या.

दुसरा दिवस उजाडल्यापासून आम्ही पट्ट्याच जोडत होतो. ताई कापत होत्या, मास्तर शिवत होते. मी जुन्या दुमडी उसवत होतो, पट्टी टाचत होतो, शिवून आलेलं इस्त्रीखाली घालत होतो. मला कोणी काही समजावत नव्हतं. धर म्हटलं की धरत होतो, सोड म्हटलं की सोडत होतो. बायको तिथे असती तर डोळे भरून आले असते तिचे.

मधेच एकदा मी इस्त्री हातात धरून थांबलो आणि विचारलं, "ही पट्टी कुठल्या बाजूने टाचायची?"

मशीन थांबलं. ताईंची कातर थांबली.

"काय म्हणालात साहेब?"

"कुठल्या बाजूने. विचारतोय."

"विचारतायत," मास्तर ताईंना म्हणाले.

"ऐकलं मी," ताई म्हणाल्या. "सुलट्यावर सुलटी, भाऊजी."

त्याच्या आधी एक पडदा मी न विचारता टाचला होता. तो शिवून, इस्त्री होऊन, घडीत गेला होता. त्याबद्दल मी बोललो नाही, कारण तो चुकलाय हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

टांगून झाल्यावर पडदे जमिनीला टेकले. खाली गडद पट्टी, खोलीभर एका रेषेत. डॉक्टरीणबाई आल्या, चपला काढायला विसरल्या, परत जाऊन काढून आल्या.

"पट्टीचं ठरलं नव्हतं आपलं," त्या म्हणाल्या.

ताई म्हणणार होत्या की फरशी पुसताना खाली डाग पडतात, गडद रंगावर दिसत नाहीत. ते गाडीत ठरलं होतं. चांगलं होतं ते. खरंही होतं.

"माप चुकलं आमचं," ताई म्हणाल्या. "चार इंच. म्हणून जोडली. नको असेल तर सगळे नवीन करून देते, पण उद्यापर्यंत होणार नाहीत."

डॉक्टरीणबाई एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत चालत गेल्या. शेवटच्या खिडकीपाशी वाकल्या.

"ह्या एकाची शिवण बाहेरून दिसतेय."

मास्तर माझ्या कानाशी आले. "साहेब, ती तुमची सही."

"तेवढा एक बदलून द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाकी असू देत. पुसताना डाग दिसायचे नाहीत खाली." मग जिन्याकडे पाहून, "वरच्या खिडक्या मोठ्या आहेत. मापं घ्यायला तुम्ही स्वतः याल ना?"

ताईंनी पिशवी खांद्यावर नीट घेतली. "मीच येईन," म्हणाल्या.

दुकानात परत आल्यावर मी माझा डबा पिशवीत भरला. जाता जाता मेव्हण्याला फोन करायचा का बायकोलाच करू द्यावा, हे ठरत नव्हतं. ताई कापणीच्या टेबलाशी उभ्या होत्या. त्यांच्यासमोर दोन्ही टेपा, जुनी आणि नवी.

"फेकायची का ती?" मी विचारलं. "नवी म्हणजे. मी घेऊन जातो."

"कशाला? चांगली आहे. जुनीचे मधले आकडे दिसत नाहीत मला आता. नवी घेऊ घेऊ म्हणत किती दिवस काढले."

"मग जुनी टाकायची?"

"डोक्याला सवय झालीय हो. माप दिसलं की चार वजा होतात आपोआप. वयसुद्धा चार कमीच सांगते मी."

त्यांनी नवी टेप टेबलाच्या कडेला लावली. चारच्या रेघेवर नख धरलं आणि कातर चालवली. पितळी टोकासकट तुकडा टेबलावर पडला.

"आता बरोबर झाली," म्हणाल्या. नवी टेप गुंडाळून पिशवीत टाकली. तुकडा माझ्याकडे सरकवला. "हा तुमचा. आणि डबा काढा बाहेर. तो उलटा पडदा उसवायचाय."

१

म्हटल्याप्रमाणे, खिशातून. इथे खरी सुरुवात असायला हवी होती: खिडकी, ताई स्टुलावर, मी फरशीवर, आणि मी विचारतो, चार का कमी? त्या सांगतात. गोष्ट संपते. एक इंचसुद्धा लागला नसता.

२

बायकोने धुवायच्या कपड्यांतून तुकडा काढला. "हे काय?"

"माझं नेमणूकपत्र."

तिने पितळी टोक नखाने वाजवून पाहिलं. "खिसे तपासून टाकत जा कपडे," म्हणाली आणि तुकडा परत माझ्या हातात ठेवला, दोन्ही हातांनी.

३

गोदामातली खुर्ची मेव्हण्याने रखवालदाराला दिली. रखवालदार म्हणतो फार आरामाची आहे. मेव्हणा हे जेवताना सांगतो.

४

वरचा मजला. मोठ्या खिडक्या. ताई स्टुलावर, फोन आज पिशवीत. खाली मी, उकिडवा. मास्तर दाराशी, कशाला आले होते कोण जाणे.

"वाचा."

"शंभर."

"शहाण्णव लिहा."

मी पेन उचललं. थांबलो. उत्तर मला माहीत होतं, पण तरी मान वर केली.

"ताई, चार का कमी?"

टेप वरून हलायला लागली.

"हवा खेळायला, भाऊजी."